रेषेपासून दोन मीटर

"पोरगी खेळते काय तुमची?" शेजारच्या सीटवरच्या काकांनी विचारलं.

अकोल्याहून सकाळची एसटी. नोव्हेंबर संपत आलेला, म्हणून सगळ्यांनी काचा लावून घेतलेल्या. अमरावतीला कॉलेजच्या मुलींचे बास्केटबॉलचे सामने पाहायला चाललोय, एवढंच मी बोललो होतो. माझी मुलगी खेळत नाही, भाची-पुतणीही खेळत नाही, हे ऐकल्यावर काका माझ्याकडे वळूनच बसले. "मंग कायले चालले?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. वऱ्हाडात कॉलेजचा सामना पाहायला येणारा माणूस एक तर आई-बाप असतो, नाही तर पुढचा सामना ज्याचा आहे तो खेळाडू. मी तीस वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका कॉलेजकडून खेळत होतो. अमरावतीच्या ज्या संघाकडून आम्ही त्यांच्या कोर्टवर हरायचो, त्याच संघाला अकोल्यात आणल्यावर हरवायचो. तेव्हा सगळा दोष पंचांच्या शिट्टीवर टाकून आम्ही मोकळे झालो होतो. घरचं कोर्ट खरंच खेळतं का, आणि खेळत असेल तर कशाच्या जोरावर, हे मला आता बाहेरून, शांतपणे पाहायचं होतं.

बोरगाव मंजू गेलं, कुरणखेडला काटेपूर्णेचा पूल गेला. कपाशी फुटून शेतं पांढरी झालेली, वेचणीला बाया उतरलेल्या, तुरीला पिवळा फुलोरा. आमच्या वेळी हा रस्ता अंग खिळखिळं करायचा. बडनेऱ्याला पोचेपर्यंत निम्मा संघ कंबर धरून बसलेला असायचा. आज त्याच रस्त्यावर गाडी तरंगत जाते. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात, एका पदराने मोजली तर ७५ किलोमीटर लांबी भरेल इतका डांबराचा थर, रात्रंदिवस न थांबता १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. पाहुण्या संघाचा प्रवासाचा शीण हे घरच्या संघाच्या फायद्याचं एक जुनं कारण मानतात. अकोला-अमरावतीपुरतं तरी ते कारण या डांबराखाली बरंचसं गाडलं गेलं आहे. पुसदहून किंवा बुलडाण्याच्या टोकाहून येणाऱ्या पोरींना मात्र ते अजून लागू आहे. त्या आदल्या रात्रीच निघतात.

मूर्तिजापूरला काका उतरले. ही गाडगेबाबांची कर्मभूमी, आणि ज्या विद्यापीठाची ही स्पर्धा, त्याला नावही त्यांचंच. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला सुरू झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली कॉलेजं त्यात येतात. आपल्याकडे कॉलेजचा खेळ कसा चालतो ते इथे सांगायला हवं, कारण घरच्या कोर्टाचा प्रश्न त्यावरच उभा आहे. दरवर्षी एखादं कॉलेज आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं यजमानपद घेतं. पाचही जिल्ह्यांचे संघ तिथे येतात आणि तीन-चार दिवसांत बाद पद्धतीने सगळं उरकतं. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. निवड झाली की कलर कोट मिळतो, आणि तो कोट घरात वर्षानुवर्षं जपून ठेवला जातो. मग हा संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, राज्याच्या अश्वमेध क्रीडा महोत्सवाला जातो.

म्हणजे घर असतं ते एकट्या यजमानाचं. बाकी सगळे पाहुणे. अमेरिकेत कॉलेजचे संघ साखळीत खेळतात, एकदा तुझ्या अंगणात, एकदा माझ्या. त्यामुळे प्रत्येक खेळाडूला दर मोसमात पंधराएक सामने आपल्या माणसांसमोर खेळायला मिळतात. आपल्याकडे एखादी मुलगी पदवीची तीन वर्षं मन लावून खेळते आणि घरच्या कोर्टवर एकही सामना न खेळता बाहेर पडते. तिचं कॉलेज यजमान होतं, तेव्हा ती बारावीत असते. हे मला फार लागतं.

यजमान कॉलेजचं कोर्ट उघड्यावर होतं. सिमेंटचं, नव्याने चुना-रंग मारलेलं. मापं आंतरराष्ट्रीय नियमांतली: २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद, रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर. एका बाजूला कडुनिंबाची रांग, दुसऱ्या बाजूला वर्गांकडे जाणाऱ्या पायऱ्या. तेवढीच काय ती प्रेक्षागृहाची सोय. रेषेच्या बाहेर दोन मीटरपर्यंत काहीही अडथळा नको असा नियम आहे. तिथे दोरी बांधलेली नव्हती. पहिल्या सामन्याला लोक दोन मीटरवर होते, दुपारी तिसऱ्या सामन्यापर्यंत ते सरकत सरकत रेषेला येऊन टेकले. थ्रो-इन घेणाऱ्या मुलीला पाय ठेवायला जागा करून द्यावी लागत होती. तीनेकशे माणसं असतील, पण कोर्टच्या आत उभं राहिलं की ती तीन हजार वाटावीत.

पाहुण्या संघांची उतरण्याची सोय वर्गखोल्यांत आणि मुलींच्या वसतिगृहात होती. सतरंज्या, सामायिक न्हाणीघर, सकाळी पोहे. तक्रार कुणाचीच नव्हती. पण यजमान मुली आपल्या अंथरुणातून उठून, आपल्या आईच्या हातचं खाऊन आल्या होत्या. घरचा फायदा पहिली शिट्टी वाजायच्या कितीतरी आधी सुरू होतो.

सकाळच्या सत्रात मी कोर्टशेजारी एका निवृत्त शारीरिक शिक्षण संचालकांजवळ बसलो. चाळीस वर्षं शिट्टी गळ्यात घातलेला माणूस. त्यांनी मला कोर्ट वाचायला शिकवलं. "ते नीमाकडची रिंग पाहा भाऊ. ढिली हाय. बॉल तिच्यावर पडला की मरते, आत जाते. अन् ते दुसरी कडक, तिच्यावरून बॉल उडते. घरच्या पोट्ट्याईले हे पाठ हाय. बाहेरच्याईले दोन क्वार्टर जातात समजाले." बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यावर चेंडू आदळला की बदबद आवाज येत होता. तिथून ले-अप मारायचा नाही, हे यजमान मुलींना ठाऊक होतं. पाहुण्यांनी तिथे तीन सोपे बास्केट घालवले. शिवाय दुपारी चारनंतर सूर्य पश्चिमेच्या रिंगमागे उतरतो. उघड्या कोर्टवर बोर्डामागे भिंत नसते, नुसतं आभाळ असतं. नेमबाजाच्या डोळ्याला अंतराचा अंदाज लागायला मागे काहीतरी स्थिर लागतं. रोज त्याच आभाळाकडे पाहून चेंडू टाकणाऱ्या मुलीला ते आभाळही ओळखीचं झालेलं असतं.

गंमत अशी की हीच अडचण अमेरिकेतल्या अतिभव्य स्टेडियमांत येते. फुटबॉलसाठी बांधलेल्या घुमटाखाली बास्केटबॉलचं कोर्ट अंथरलं की बोर्डामागे दूरवर अंधूक पोकळी राहते, आणि नेम धरणं जड जातं असं खेळाडू सांगतात. वऱ्हाडातलं उघडं कोर्ट आणि तिथला घुमट यांच्यात पैशाचं अंतर आभाळाएवढं असेल, पण नेम धरणाऱ्या डोळ्यासमोर दोन्हीकडे पोकळीच असते.

मोठं स्टेडियम म्हणजे मोठा फायदा हे गणित मला आधीपासून पटत नव्हतं. तिकडची तीन उदाहरणं पाहा. सिराक्यूज विद्यापीठाच्या घुमटात २३ फेब्रुवारी २०१९ ला ड्यूक विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला ३५,६४२ प्रेक्षक आले. कॉलेजच्या आवारात बास्केटबॉलला जमलेली ती तोवरची सर्वांत मोठी गर्दी. घरचा संघ ६५-७५ असा हरला. उलट ड्यूकचं स्वतःचं कॅमेरून इनडोअर स्टेडियम १९४० सालचं, बसायला ९,३१४ जागा, आणि कोर्टच्या अगदी काठावर विद्यार्थी खांद्याला खांदा लावून उभे. तिथे जिंकणं हे आजही पाहुण्यांना अवघड वाटतं. आणि कॉलेज बास्केटबॉलमधली घरच्या विजयांची सर्वांत लांब माळ केंटकी विद्यापीठाची आहे: १९४३ ते १९५५, सलग १२९ सामने. त्या माळेची पहिली कित्येक वर्षं ते साधारण २,८०० माणसं मावतील अशा लहानशा जिममध्ये खेळत होते. मोठं सभागृह त्यांना १९५० मध्ये मिळालं. जिंकायची सवय तोवर लागून गेलेली होती.

कॅनडातल्या तरुणांच्या आइस हॉकीवर १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकूण किती प्रेक्षक आले, यापेक्षा जागा किती गच्च भरल्या होत्या याचा निकालाशी संबंध दिसला. मला हे वाचून कोल्हापूरचं खासबाग आठवलं. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं ते कुस्तीचं मैदान १९१२ मध्ये पुरं झालं. परातीसारखं खोलगट, मधे आखाडा, चारी बाजूंना चढत जाणारी बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाचा पट दिसतो आणि पैलवानालाही त्याची आरोळी ऐकू येते. हजारो माणसं बसूनही ते मैदान लहान राहतं. मैदान बांधणाऱ्याने यापेक्षा वेगळं काही शिकायची गरज नाही. आणि गाडगेबाबांचं कीर्तनही याच तत्त्वावर चालायचं. आधी स्वतः खराट्याने जागा झाडायची, मग माणसं पुढ्यात बसवून त्यांना प्रश्न विचारायचे. उत्तर द्यावं लागतं म्हणून ऐकणारा जागा राहायचा. कोर्टच्या काठावरचा प्रेक्षकही असाच असतो. त्याला वाटतं, आपण सामन्यात आहोत.

दुपारी साडेतीनला ज्या सामन्यासाठी मी आलो होतो तो सुरू झाला. यजमान विरुद्ध अकोला. माझ्या मनाने बाजू घेतलीच, ते लपवत नाही.

पहिल्या दोन क्वार्टरमध्ये अकोल्याच्या मुली गोंधळल्या. त्यांच्या वाट्याला कडक रिंग आली होती आणि तिच्यावर त्या जोर लावत होत्या. बाहेरून आवाज सुरू झाला. "हात उचल ना वं!" "ढकलते पाहा, ढकलते!" आणि इथे मी पंचांकडे नीट पाहिलं. दोघेही प्रामाणिक होते, याबद्दल मला शंका नाही. पण यजमान मुलगी पडली की तीनशे गळे एकदम ओरडायचे आणि शिट्टी त्या आवाजावर स्वार होऊन यायची. अकोल्याची मुलगी तशीच पडली की शांतता, आणि त्या शांततेत शिट्टी ओठांवरच राहायची. इंग्लंडमध्ये २००२ साली ४० पंचांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फुटबॉलच्या एकाच सामन्यातल्या धडकांची चित्रफीत काहींना आवाजासकट दाखवली, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. पंच लबाड नसतो. त्याला कान असतात. तीस वर्षांपूर्वी ज्या पंचांना आम्ही मनोमन शिव्या दिल्या, त्यांची आज त्या पायऱ्यांवर बसून मी क्षमा मागितली.

कोरोनाच्या काळात हे साऱ्या जगाला एकदम दिसलं. रिकाम्या स्टेडियमांत खेळ सुरू झाले आणि जर्मनीच्या फुटबॉल लीगमध्ये घरच्या संघांचे विजय घटले. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये कित्येक दशकं साधारण दहापैकी सहा सामने घरचा संघ जिंकत आला होता. तो आकडाही त्या मोसमात खाली आला.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता मरती रिंग अकोल्याच्या वाट्याला आली, आणि ती मरती आहे हे त्यांच्या गार्डने ओळखलं. ठेंगणी, केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातलेली पोरगी. तिने उंच, मऊ चेंडू टाकायला सुरुवात केली. सूर्यही आता यजमानांच्या डोळ्यांत होता. फरक अकरावरून सातवर आला, सातवरून दोनवर. पायऱ्यांवरचा आवाज बदलत गेला. आधी तो उत्साहाचा होता, मग काळजीचा झाला.

शेवटची बारा सेकंद. अकोला ४१, यजमान ४०. यजमानांच्या कर्णधार मुलीवर फाउल झाला आणि तिला दोन फ्री थ्रो मिळाले. बोर्डापासून ४.६० मीटरची ती रेषा. समोर कुणी अडवणारं नाही, हात वर करणारं नाही. आणि तीनशे माणसं एकदम गप्प झाली. प्रेमाने गप्प झाली. कुणीतरी मागच्याला दटावलं, "चूप बस ना बे, टाकू दे तिले." निंबावरचे राघू तेवढे ऐकू येत होते. तिने चेंडू तीनदा आपटला, कपाळ पुसलं, टाकला. रिंगला लागून बाहेर. दुसरा बोर्डावरून सरळ अकोल्याच्या हातात.

ती मुलगी तिथेच उभी राहिली. तिच्या वर्गातल्या पोरी, तिचे सर, सायकल धरून उभा असलेला तिचा भाऊ, सगळे तिच्याकडे पाहत होते. परक्या गावात हीच चूक झाली असती तर बसमध्ये बसून ती निघून गेली असती. इथे तिला उद्या सकाळी याच कोर्टसमोरून वर्गात जायचं होतं.

माझ्या शेजारचे सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या मानसाईसमोर हात जड होते भाऊ. म्या लय पोट्ट्याईचं पाह्यलं."

घरची गर्दी पंचाला ढकलते, रिबाउंडला उडी उंच करते, थकलेल्या पायाला पळवते. पण जिथे एकटीने, थांबून, हलक्या हाताने काम करायचं असतं, तिथे तीच गर्दी मनगटावर येऊन बसते. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिएना कॉलेजात गोवराची साथ आली आणि त्यांच्या संघाला कित्येक सामने प्रेक्षकांविना खेळावे लागले. त्या रिकाम्या सभागृहांत ते आपल्या गटाचे विजेते झाले, आणि राष्ट्रीय स्पर्धेत बलाढ्य स्टॅनफर्डला त्यांनी ८०-७८ असं हरवलं. चेंडू, रिंग आणि पाच सोबती, एवढंच त्यांच्यासमोर उरलं होतं.

संध्याकाळी परतीच्या आधी मी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात जाऊन आलो. अमरावतीला येऊन तिथे न जाणं मला जमत नाही. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या पथकाने तिकडे जाऊन कबड्डीसारखे आपले खेळ करून दाखवले. मी गेलो तेव्हा अंधार पडत होता. मल्लखांबाभोवती पोरं जमिनीवरच बसली होती, खांबापासून चार हातांवर. वर चढलेल्या मुलाची पकड सुटली तेव्हा खालचे सगळे एकदम "अर्रर्र" म्हणाले, आणि पुन्हा जमली तेव्हा टाळी पडली. त्यांना पकड म्हणजे काय ते ठाऊक होतं. अमरावतीच्या कोर्टवर खेळणं पाहुण्यांना जड जातं याचं एक कारण मला इथे सापडलं. या गावात शंभर वर्षांहून अधिक काळ माणसं खेळ पाहत आली आहेत. चांगला पास गेला की बास्केट न होताही पायऱ्यांवरून दाद येत होती, ती उगाच नव्हे. गर्दी जाणती असली की तीनशेही पुष्कळ होतात.

अकोल्यालाही वसंत देसाई क्रीडांगण आहे, लालबहादूर शास्त्री स्टेडियम आहे. बॉक्सिंगने या शहराला नाव दिलं. पण दोन्ही शहरांत एखादं भव्य संकुल उभारायची चर्चा निघाली की माझं म्हणणं एवढंच राहील: पंचवीस हजार खुर्च्यांचं स्वप्न बाजूला ठेवा. कॉलेजच्या एका कोर्टवर पत्र्याचं का होईना छप्पर घाला. बोर्डामागे भिंत उभी करा. दोन्ही रिंगा सारख्या घट्ट बसवा, म्हणजे घरचा फायदा उरेल तो माणसांचा, ढिल्या खिळ्यांचा नाही. दोन्ही लांब बाजूंना चार-चार पायऱ्यांची बैठक बांधा, पाचशे माणसं बसतील एवढी. आणि स्पर्धेआधी दोन-तीन सामने तरी एकमेकांच्या गावात जाऊन खेळायची पद्धत कॉलेजांनी आपसांत सुरू करावी. अकोल्याची बस सकाळी निघाली तर रात्री घरी परत येते. हा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा जास्त होणार नाही.

परतीच्या गाडीत अकोल्याच्या मुली माझ्याच बसला होत्या. मागच्या सीटवर गाणी चालली होती. ती वेण्यांची गार्ड मात्र खिडकीला डोकं टेकवून झोपली होती. बडनेरा सोडल्यावर तिच्या सरांना मी विचारलं, हिचे घरचे कधी सामना पाहायला येतात का. ते म्हणाले, "तिसरं वर्ष हाय सर तिचं. आपल्या कॉलेजले यजमानपद नाही भेटलं अजून."

या हिवाळ्यात तुमच्या गावच्या कॉलेजात सामने असतील. तिकीट नसतं, आमंत्रणही लागत नाही. फलकावर वेळ लिहिलेली असते. तासभर काढून जा, आणि रेषेपासून दोन मीटर सोडून बसा.